सात जूनचं कोरं पान

१८ मे, मंगळवार

ही डायरी माझ्या बायकोने, वर्नाने, नाताळच्या आधीच आणून ठेवली होती. भांडी आवरली की ती यात चार ओळी लिहायची. हवा कशी, कोण आलं, काय शिजलं. एकोणीस जानेवारीपर्यंत तिचं अक्षर आहे. शेवटची नोंद अशी: "बर्फ. ऑल्डनला खोकला. वाटाण्याचं सूप." खोकला मला होता आणि गेली ती. पुढची पानं कोरी बघवत नाहीत म्हणून आजपासून मी लिहिणार आहे. हवेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला आमच्या गावच्या बेसबॉल टीमबद्दल, हेरन्सबद्दल म्हणायचं आहे.

आमचे हेरन्स म्हणजे शब्दशः बगळे. एका पायावर उभे राहतात आणि बॉल बाजूने गेला की बघत बसतात. गेल्या मोसमात नव्वद सामन्यांत एकसष्ट हरले. यंदाची यादी काल पेपरात आली. बावीस नावं, त्यातले चौदा पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, आणि त्या चौदांत नेमक्या जागी, स्ट्राइक, टाकू शकतील असे दोन. मालकाचं फर्निचरचं दुकान आहे आणि टीमही तो सोफासेटसारखीच घेतो, लांबून बरी दिसली की झालं. मॅनेजर लेनी व्रोबेल माणूस वाईट नाही, पण पिचर कधी बदलायचा हे त्याला सात वर्षांत कळलेलं नाही.

क्लबचा कागद आला होता, यंदाही एक खेळाडू घरी ठेवाल का म्हणून. वर्ना अकरा उन्हाळे वरची खोली त्यांना देत आली. मी कुरकुर करायचो. या वेळी "नाही"वर खूण करायला पेन उचललं आणि "हो"वर केली. परवा येतोय. कॅचर आहे, फलंदाजामागे उकिडवा बसून बॉल झेलणारा, वय चौतीस. त्या वयात कॅचरचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. असला माणूस यादीत घेतलाच कसा, कोण जाणे.

२० मे, गुरुवार

रॉइस टॅकेट आला. बसने. केंटकीचा आहे, मला साहेब म्हणतो. दोन बॅगा होत्या. मोटार कुठाय विचारलं तर म्हणाला, "मोटार बायकोकडे गेली आणि बायको दुसऱ्याकडे." स्वतःच हसला.

जेवताना विचारलं, "साहेब, घरातले नियम काय?"

म्हटलं, "नियम वर्नाचे होते. बूट बाहेर, अंघोळ दहा मिनिटांत. माझा एकच. सामन्याआधी माझ्याशी सामन्याबद्दल बोलायचं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर बोललास तर बरं."

तेरा वर्षं खेळतोय, नऊ गावांत. मोठ्या लीगच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. म्हणाला, "व्रोबेलने शब्द दिलाय. लेबर डेपर्यंत, सप्टेंबरात मोसम संपेपर्यंत यादीत टिकलो तर पुढच्या वर्षी कोचची जागा माझी. मधेच काढलं तर विषय संपला. काढलेल्या माणसाला मालक परत दारात उभा करत नाही."

"आणि नाही मिळाली तर?"

"मला दुसरं काही येतच नाही हो, साहेब." तीन बटाटे आणखी घेतले. खातो चांगलं. घरात दुसऱ्या माणसाचा काटा-चमचा वाजलेला बऱ्याच दिवसांनी ऐकला.

२२ मे, शनिवार

काल हरलो, आज जिंकलो. माझा शब्द मागे घेतो, या माणसाच्या गुडघ्यांचं काय असेल ते असो, हात अजून आहे. आज दोघं जण दुसरा बेस चोरायला, म्हणजे पिचर बॉल टाकतोय तोवर पुढचा टप्पा गाठायला, धावले आणि दोघांनाही त्याने बसल्या जागेवरून फेकून बाद केलं. बॉल जमिनीला समांतर गेला. माझ्या शेजारची बर्निस म्हणाली, "ऑल्डन, तोंड मीट." बर्निस आणि मी वीस वर्षं मैदानाच्या गॅलरीत विभाग नऊमध्ये शेजारी बसतो. ती शाळेत नर्स होती, अजून सगळ्यांना तपासत असते.

घरी आल्यावर रॉइसने माझी स्कोअरवही बघितली. मी प्रत्येक सामन्याचा प्रत्येक बॉल लिहितो, एकतीस वर्षं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर एक, कॅचर दोन, असे नऊपर्यंत. कॅचरने उडालेला बॉल झेलला की चौकटीत दोन लिहायचा आणि गोल करायचा. सामना नसेल त्या दिवशी नुसती तारीख घालून पान कोरं सोडतो. वर्ना म्हणायची, कागद फुकट घालवतोस.

"कोरं कशाला सोडता?" रॉइसने पण विचारलं.

"त्या दिवशी काही झालं नाही, हेसुद्धा लिहायला नको? वहीत नाही ते झालंच नाही."

त्याला हे फार आवडलं. नंतर दूध घ्यायला फ्रिज उघडला आणि म्हणाला, "साहेब, दूध प्यायलो, लिहून ठेवा."

३० मे, रविवार

दुपारी पेपरला पत्र टाइप केलं. दर गुरुवारी माझं पत्र येतं, खाली नाव नाही, फक्त "विभाग नऊ". कोण लिहितं हे गावात कुणाला माहीत नाही. या वेळी व्रोबेलची सालटी काढली. मालक फटाक्यांवर खर्च करतो आणि राखीव पिचर म्हणून शाळेतली पोरं आणतो तेही लिहिलं.

खरं तर अर्धा मजकूर रॉइसचा. काल जेवताना मी सहज विचारलं, सातव्या डावात पिचर का बदलला रे? त्याने मीठदाणी आणि मिरपूड मांडून मला वीस मिनिटं समजावलं. इतका बेसबॉल मला एकतीस वर्षांत कुणी शिकवला नाही. वर्नाला असं काही सांगायला लागलो की ती हो हो म्हणत विणत बसायची.

७ जून, सोमवार

आज सामना नाही. वहीत तारीख घातली.

मेपलच्या बियांनी पन्हळ तुंबली होती. मी शिडी लावली. रॉइस म्हणाला, "साहेब, मी चढतो, तुम्ही खाली उभे राहा." म्हटलं, "तुझा मॅनेजर मला फाशी देईल. आणि एकाहत्तर म्हणजे काही म्हातारा नाही." काल पाऊस झालेला. शिडीचा एक पाय मातीत रुतला आणि मी आडवा निघालो. खाली पोर्चचा कठडा. वाटलं, आता कंबर मोडली. तेवढ्यात त्याने मला वरच्यावर धरलं. मी सगळा त्याच्या अंगावर, माझ्यावर शिडी, आणि आम्ही दोघं कठड्यावर. मला कोपराला खरचटलं, बास.

ही शिडी एकोणीसशे एकोणसत्तरची आहे. ती तेव्हाच जाळायला हवी होती. उद्या नवी बघतो. पन्हळ अर्धीच झाली.

रॉइस संध्याकाळभर हात बर्फात बुडवून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला, "कॅचर कशालाही बर्फ लावतो, साहेब. सवय असते."

१० जून, गुरुवार

तीन सामने, तीनही हरलो. सात जणांनी दुसरा बेस चोरला, रॉइसला एकही सापडला नाही. बॉल उंच जातायत, बाजूला जातायत. एकदा तर हातातूनच निसटला.

सकाळी मुरंब्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच उघडा." म्हटलं, "तू कॅचर ना रे?" तर म्हणे झोप उडाली नाही अजून. कॉफी डाव्या हाताने पितो. बुटाच्या नाड्या लोंबत असतात. वर्ना असती तर म्हणाली असती, हा आळशी झालाय.

त्याच्या आईला त्याने माझ्याकडून कार्ड लिहून घेतलं. म्हणाला, "माझं अक्षर तिला लागत नाही, तुमचं कसं छापल्यासारखं आहे." ते खरंच आहे. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो: "मी मजेत. घर चांगलं मिळालंय. जेवण बरं, साहेब मटण फार शिजवतात. पुढच्या वर्षी कोच होणार हे जवळजवळ नक्की." मटणाचं वाक्य मी गाळणार होतो पण राहू दिलं.

१५ जून, मंगळवार

रविवारी मैदानावर बर्निसने मला दुर्बीण दिली. "त्याचा उजवा अंगठा बघ. चिकटपट्टीने बांधलाय. बॉल चार बोटांनी फेकतोय."

म्हटलं, "सगळे कॅचर पट्ट्या बांधतात."

"ऑल्डन, मी तीस वर्षं पोरांची हाडं बघितली आहेत."

"आणि मी एकतीस वर्षं बेसबॉल बघितलाय. वय झालं त्याचं. हात असाच जातो, एका दिवसात."

तिने दुर्बीण परत घेतली. आज वाटीभर चीज आणलं, हाडांना बरं म्हणून, तेही फक्त रॉइससाठी.

घरी मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "फाउल बॉल लागला, बॅटला चाटून मागे आलेला, जरा मुका मार. पण साहेब, हे दुखापती बघणाऱ्या ट्रेनरच्या कानावर जायला नको. बावीसच जागा आहेत. दुखापत म्हटलं की दुसऱ्या दिवशी तेविसावा माणूस बसमधून उतरतो." मी कुणाला कशाला सांगू. मुका मार तर सगळ्यांनाच लागतो.

२० जून, रविवार

लिहायची इच्छा नाही पण लिहितो.

वर्नाची जिरेनियमची कुंडी. मोठी, निळी, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी तिने घेतली होती. हिवाळाभर मी ती स्वयंपाकघरात जपली. रोपाला पाणी घालायचं एवढंच एक तिने मला इस्पितळात सांगितलं होतं. आज रॉइसला म्हटलं, जरा पोर्चवर ठेवायला हात लाव. त्याने उचलली आणि पायरीवरच हातातून सोडली. तुकडे झाले. रोपाची मानच मोडली.

तो गुडघे टेकून तुकडे गोळा करत होता. "साहेब, मला माफ करा. पकड सुटली."

मी म्हटलं, "तुझी पकड बारा दिवस सुटलेलीच आहे. सगळं गाव बघतंय." आणि आत निघून आलो.

मग पत्र लिहिलं. कुंडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे आकडे आहेत आणि आकडे मी वहीतून उतरवून घेतलेत. "७ जूनपर्यंत एकवीस जणांनी बेस चोरायचा प्रयत्न केला, टॅकेटने नऊ बाद केले. ८ जूनपासून सव्वीस जणांनी केला, बाद फक्त एक, तोही स्वतः घसरून पडला म्हणून. ८ जूनपासून हा हात गेलेला आहे. कारण वय असेल, नाहीतर आळस. भावनेला इथे जागा नाही. व्यवस्थापनाने त्याला आजच मोकळं करावं आणि हात असलेला कॅचर आणावा."

दोनदा वाचलं. एकही आकडा चुकलेला नाही. पाकीट स्वतः टपालपेटीत टाकून आलो.

२४ जून, गुरुवार

पत्र आलं. पहिल्या पानावरच्या चौकटीत, मोठ्या मथळ्याखाली. सकाळी पेपर लपवायचा विचार होता, पण रॉइस माझ्या आधी उठला होता. टेबलावर बसून वाचत होता. मी अंडी फोडत उभा राहिलो. सगळं वाचलं, घडी घातली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

"राखीव पिचरांबद्दल या माणसाचं म्हणणं पटतं," म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"आकडे बरोबर आहेत." मग म्हणाला, "साहेब, तेवढी बाटली उघडता का?"

उघडली. त्याला काही कळलेलं नाही, हे एक बरं. पण अंडी मला गेली नाहीत.

बर्निस आज दोन खुर्च्या सोडून बसली.

३ जुलै, शनिवार

आता लोक चोऱ्या मोजतात, ८ जूनपासूनच्या. समोरचा कुणी बेसवर पोचला की विभाग चारमधून सुरू होतं, एकावन्न, एकावन्न, आणि चोरी झाली की बावन्न म्हणून टाळ्या. माझ्या पत्रानंतर पेपर रोज आकडा छापतो. आज फर्निचरवाल्याची बायकोसुद्धा मोजत होती. रॉइस कॅचरचा जाळीचा मुखवटा न काढता बसलेला. मुखवट्यामागून काही दिसत नाही.

मी मोजलं नाही. वहीत लिहिलं, पण तोंडाने मोजलं नाही.

तो घरी आला की आम्ही अजून वही घेऊन बसतो. आता मी विचारत नाही, तोच सांगतो. कोणत्या पिचरला काय टाकायला सांगितलं, का सांगितलं. आज म्हणाला, "कोच झालो की ही मीठदाणी घेऊन जाईन हं." मी म्हटलं, घेऊन जा. वर्ना गेल्यापासून या टेबलावर कुणी इतका वेळ बसलं नव्हतं. मग मी ते पत्र का लिहिलं, असा विचार आला. पण टीम टीम असते. उद्या माझ्या सख्ख्या भावाचा हात गेला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

१२ जुलै, सोमवार

रॉइस भर दुपारी परत आला. बूट दाराबाहेर काढले, दोन्ही बॅगा खाली आणल्या आणि मग सांगितलं. "काढलं, साहेब. मालक म्हणाला, गाव ऐकत नाही. नवा पोरगा उद्या येतोय."

मी म्हटलं, "कोचचं?"

"ते यादीत टिकलो तर होतं ना." खुर्चीच्या पाठीवर टॉवेल घडी करून ठेवला. "चादरी मशीनला लावल्यात. अंघोळ नऊ मिनिटांत झाली, हवं तर लिहून ठेवा."

पुढे काय करणार विचारलं. म्हणाला, लुईव्हिलला मेव्हण्याचं गोदाम आहे, तिथे बघतो. मी त्याला डबा करून दिला, मटणाची सँडविचेस. बसथांब्यापर्यंत सोडलं. तिथे त्याने डावा हात पुढे केला. निरोपाला डावा हात, ही काय पद्धत झाली. मला ते लागलं. पण त्याची अवस्था बघून मीही डावाच पुढे केला.

"पन्हळ अर्धी राहिलीय," बसच्या पायरीवरून म्हणाला. "त्या शिडीवर चढू नका."

वहीत आजचं पान कोरं आहे. सामना नव्हता.

१८ जुलै, रविवार

नवा कॅचर बावीस वर्षांचा आहे. हात तोफेसारखा आणि डोकं भोपळ्यासारखं. पिचर त्याच्याकडे बघून मान हलवतात. सहा सामने, सहा हार. पत्र लिहायला बसलो आणि कागद तसाच राहिला. सातव्या डावात पिचर का बदलला हे विचारायला कुणी नव्हतं.

मीठदाणी न्यायची विसरला. मीच द्यायला हवी होती. दोन माणसांचे बटाटे उकडतो आणि दुसऱ्या दिवशी तेच खातो.

२९ जुलै, गुरुवार

हार्डवेअरच्या दुकानात शिडी घ्यायला गेलो तर व्रोबेल खिळे घेत होता. सात वर्षांत त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यानेच हाक मारली.

"मिस्टर हॉव्लंड, टॅकेट तुमच्याकडेच होता ना? अंगठ्याचं काय झालं होतं हो त्याच्या?"

म्हटलं, "फाउल बॉलचा मुका मार."

"मुका कसला. शेवटच्या दिवशी ट्रेनरने पट्टी कापली तर हाड वाकडं जुळलेलं. पाच आठवडे मोडक्या अंगठ्याने कॅचिंग केलं त्याने. मला कळलं असतं तर महिनाभर बसवून ठेवला असता, मालकाशी भांडलो असतो. मी शब्द दिला होता त्याला. पण ते पत्र आलं, मग रोजचा आकडा, आणि हा तोंड उघडेना." खिळ्यांची पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली. "ट्रेनरला म्हणाला, मोटारीच्या दारात सापडला. जूनच्या सुरुवातीला."

मी म्हटलं, "त्याच्याकडे मोटारच नाही."

व्रोबेल माझ्याकडे बघत राहिला. मग मी विचारलं, त्याला परत घेता येईल का, निदान कोच म्हणून.

"कोचला रोज तीनशे बॉल टाकावे लागतात सरावाला. त्या अंगठ्याने तीस टाकता येणार नाहीत. आणि जागा भरली."

"ते पत्र मी लिहिलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या टाइपरायटरचा एक टाइप वर उडतो. क्लबच्या कागदावर नाव-पत्ता तुम्ही त्याच्यावरच टाइप करता. सगळ्या गावाला माहीत आहे, मिस्टर हॉव्लंड." आवाजात राग नव्हता.

शिडी न घेता घरी आलो.

३० जुलै, शुक्रवार

डायरी आणि स्कोअरवही शेजारी शेजारी ठेवून सगळं पुन्हा वाचलं.

सात जून: तेवढ्यात त्याने मला वरच्यावर धरलं. आठ जून: तीन चोऱ्या, बाद शून्य. दहा जून: मुरंब्याची बाटली. कॉफी डाव्या हाताने. आईचं कार्ड. वीस जून: पकड सुटली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. छापल्यासारखं. तारीखसुद्धा मीच शोधून पेपरात छापली, ८ जूनपासून हा हात गेला म्हणून. आदल्या दिवशी तो हात कशाखाली आला होता, हे तेवढं मी लिहिलं नाही. मी शिडीला शिव्या लिहिल्या.

कुंडी त्याने मोडक्या अंगठ्याने उचलली होती. मी हात लाव म्हटलं आणि त्याने नाही म्हटलं नाही.

बर्निसकडे गेलो आणि सांगितलं. तिने दार उघडं ठेवून सगळं ऐकलं. म्हणाली, "मला वाटलं होतं तू सामना तरी नीट बघतोस." मग आत घेऊन कॉफी दिली. मी रडलो. वर्नाच्या वेळी रडलो नव्हतो इतका. ती खिडकीकडे तोंड करून भांडी पुसत राहिली.

पेपरला पत्र लिहिलं. चारच ओळी, काय झालं ते. खाली नाव घातलं, ऑल्डन हॉव्लंड. आता त्याचा कुणाला उपयोग नाही.

१ ऑगस्ट, रविवार

क्लबमधून मेव्हण्याचा नंबर मिळवला. चर्चहून आल्यावर फोन केला. मागे खोकी सरकवल्याचे आवाज होते.

"साहेब? सगळं ठीक ना? शिडीवर चढला नाहीत ना?"

बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं गेलं. म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार?"

"माझ्यामुळे अंगठा मोडला म्हणून."

"तुम्ही जेवताना वर्नाबाईंच्या खुर्चीकडे बघत जेवायचात, साहेब. त्यात आणखी हे कुठे टाकू तुमच्यावर? आणि मला वाटलं, होईल बरा. पोरवयात बोटं बरी व्हायची."

"ती पत्रं मी लिहायचो, रॉइस."

"माहीत होतं की. दर रविवारी खालून खडखड यायची. मीच तर तुम्हाला मीठदाणी मांडून शिकवायचो." हसला. मग हसायचा थांबला. "वीस तारखेचं नसतं लिहिलंत तर बरं झालं असतं."

म्हटलं, "हो." त्याने माफ केलं असं काही म्हटलं नाही. मी माफी मागितलीही नव्हती. हात कसा आहे विचारलं. म्हणाला, खोकी उचलता येतात, बॉल फेकता येत नाही, थंडीत ठणकेल बहुतेक. लोकांना वाटतं दारात सापडला. मेव्हणा जेवायला हाक मारत होता.

ठेवता ठेवता म्हणाला, "पण झेल स्वच्छ होता की नाही? ओल्या मातीत, शिडीसकट. तेरा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला. तेवढा लिहून ठेवा, साहेब. वहीत नाही ते झालंच नाही ना?"

फोन ठेवून वही काढली. सात जून, सोमवार. नुसती तारीख. फलंदाजाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, हॉव्लंड. पहिल्या चौकटीत दोन लिहिला आणि त्याला गोल केला. खाली टॅकेटच्या नावापुढे झेल, एक. चूक लिहायचा रकाना प्रत्येक खेळाडूपुढे असतो. मी माझ्यापुढेही एक आखला आणि भरला.

मग मीठदाणी धुतली, पुसली आणि खोक्यात बांधली. उद्या पोस्ट उघडलं की लुईव्हिलला पाठवतो.